आभाळात इंजिन बंद पडू नये म्हणून : इग्निशन कॉइल बसवण्याची गोष्ट



उसाच्या अंकात विमानाचे इंजिन कशाला आले, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण धामणगाव रेल्वेच्या आसपासच्या कोणत्याही गावात जा. ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडणारा, मोटारसायकलच्या इंजिनावर फवारणीची गाडी चालवणारा, भंगारातून काहीतरी नवे उभे करणारा एक तरी पोरगा तिथे भेटतोच. तो आपल्याच एखाद्या सभासदाचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा असतो. आणि आता तर १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे प्रवासी विमान सुटू लागले. शेतात काम करताना मान वर करून विमान पाहणाऱ्या पोराच्या मनात काय येते, हे वेगळे सांगायला नको.

हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

कारण एक दुःखाची गोष्ट आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात घडून गेली आहे. महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात, उसाच्या पट्ट्यात येते. तिथल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने, शाळा फारशी न शिकता, पत्र्याच्या कामावर हात बसवून, मारुती ८०० चे इंजिन लावून स्वतःचे हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, रात्री जमिनीवर त्याची चाचणी सुरू होती. मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पात्यावर आदळले, आणि ते पाते त्या पोराच्या डोक्याला लागले. पोरगा गेला. साऱ्या महाराष्ट्राने हळहळ केली, चार दिवस वर्तमानपत्रांत फोटो आले आणि विषय संपला.

विषय तिथे संपायला नको होता. त्या पोराजवळ बुद्धी होती, हात होता, हिंमत होती. त्याच्या शेजारी उभे राहून "थांब, आधी हे तपासू" म्हणणारे जाणते माणूस आणि तशी व्यवस्था मात्र गावात नव्हती. उडणाऱ्या यंत्रात प्रत्येक लहान भाग का आणि कसा तपासावा लागतो, हे आज एकाच भागावरून पाहू. तो भाग म्हणजे इग्निशन कॉइल. पंखा, पाते हे विषय मोठे आहेत; पण कॉइल आपल्यापैकी प्रत्येकाने हातात धरलेली आहे.

ठिणगी येते कुठून?

आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. त्याला दर वेळी ठिणगी द्यावी लागते. जुनी राजदूत ज्यांनी वापरली त्यांना पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग हे चौघे भाऊ पाठ असतील. आजच्या पेट्रोलच्या फवारणी पंपातही चाकावरचे चुंबक आणि शेजारची छोटी कॉइल मिळून हेच काम करतात.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. जाड वेढ्यातून बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह चालू असतो. तो एकदम तोडला की बारीक वेढ्यात वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो, आणि तो प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारतो. पाट भरून वाहत असताना दार एकदम पाडले तर पाणी कसे उसळते, तसेच हे.

आता किती ठिणग्या लागतात ते पाहा. चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला दोन याप्रमाणे मिनिटाला ५४०० ठिणग्या झाल्या. तासाला ३ लाख २४ हजार. यातली एक-दोन चुकली तर इंजिन खोकते. सगळ्याच चुकल्या तर बंद पडते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर आपण उतरून ढकलतो. आभाळात उतरायला जागा नसते.

विमानात सगळे दोन-दोन का?

म्हणूनच जुन्या-नव्या बहुतेक छोट्या पेट्रोल विमानांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि पूर्ण इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. मॅग्नेटोला आपल्याकडे 'मॅग्नेट' म्हणतात. तो इंजिनाच्या फेऱ्यावर स्वतःची वीज स्वतः करतो. बॅटरी मेली तरी ठिणगी चालू राहते. उड्डाणाआधी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी उभा राहून इंजिन वाढवतो आणि एक-एक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडे कमी झाले तर ठीक. लायकमिंग या अमेरिकन बनावटीच्या इंजिनासाठी ही घट मिनिटाला १७५ फेऱ्यांपेक्षा जास्त नको आणि दोन्ही बाजूंतला फरक ५० पेक्षा जास्त नको, असा नियम आहे. घट जास्त आली तर विमान वळवून परत आणायचे. त्यात कमीपणा नाही.

राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले. त्याचे बारा-एक अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्या सायकल दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने साधारण सहा आठवड्यांत तयार केले होते. इंजिन सुरू करण्यापुरती कॉइल आणि कोरड्या बॅटऱ्या ते वापरत आणि इंजिन सुरू झाले की ते जमिनीवरच ठेवून देत. वर जाताना ठिणगीचे काम चाकावर फिरणारा मॅग्नेटो करी. शेराचेही ओझे मोजून घेणारी ती माणसे होती. सायकलच्या दुकानात काम करणारी माणसे म्हणजे आपल्या गॅरेजवाल्या पोरांचीच जात म्हणा ना. पण ती मोजमाप करणारी, वहीत लिहून ठेवणारी होती.

घरी विमान बांधणारे लोक जगभर आहेत. ते अनेकदा मोटारीचे इंजिन वापरतात. फोक्सवॅगनचे हवेवर थंड होणारे इंजिन त्यांचे फार जुने आवडते. मोटारीच्या इंजिनाला मॅग्नेटो नसतो. तिथे बॅटरी आणि कॉइल असते. मग प्रश्न येतो : ही कॉइल बसवायची कुठे आणि कशी? "इथंच ठोकून दे ना भाऊ, काय होते त्यानं!" हे उत्तर ट्रॉलीला चालते. विमानाला चालत नाही.

कॉइलचे तीन शत्रू

पहिला शत्रू उष्णता. सायलेन्सरच्या नळीतला धूर सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतो. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरचे डोके दोनशेच्या आसपास जाते. साधी मोटारीची कॉइल शंभर-सव्वाशे अंशांपुढे फार दिवस टिकाव धरत नाही. शिवाय कॉइल स्वतःही तापते. चावी चालू राहिली, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइल हाताला चटका देते, कधी फुटतेही. हे मोटारसायकलवाल्यांना ठाऊक आहे.

दुसरा शत्रू थरथर. इंजिन जितके वेळा पेटते तितके वेळा ते धक्का देते. मघाच्या हिशेबाने पन्नास तासांत १ कोटी ६२ लाख धक्के झाले. लोखंड एकदा वाकवले तर तुटत नाही. पण तार हातात घेऊन इकडे-तिकडे वाकवत बसा, थोड्या वेळात तुटते. धातूला थकवा येतो. ट्रॅक्टरच्या दिव्याचा ब्रॅकेट नेमका वाकवलेल्या कोपऱ्यातच तडकतो, हे आपण पाहतोच. तडा आधी केसाएवढा असतो, दिसत नाही.

तिसरा शत्रू ओल आणि घाण. वीस हजार व्होल्टला थोडी ओल, थोडे तेल, थोडी धूळ मिळाली की ते प्लगकडे न जाता बाजूने वाट काढतात. पावसाळ्यात गाडी सुरू होत नाही त्यामागे पुष्कळदा हेच असते.

इंजिनावर की भिंतीवर?

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये विमानात पोलादी पत्र्याची भिंत असते. इंजिनाला आग लागली तर ती माणसापर्यंत लवकर पोहोचू नये म्हणून. कॉइलला दोनच खऱ्या जागा आहेत : ही भिंत किंवा खुद्द इंजिन.

भिंतीवर थरथर कमी आणि उष्णता कमी. पण तिथून प्लगपर्यंतची जाड तार लांब पडते. तार लांब झाली की ठिणगीची ताकद वाटेत थोडी खर्च होते आणि रेडिओत खरखर येते. दुसरे असे की, इंजिन रबराच्या बुशांवर बसलेले असते. सुरू होताना आणि बंद होताना ते चांगले हादरते. म्हणून तारेला सैल वळसा ठेवावा लागतो. ओढून बांधलेली तार एक दिवस निसटते.

इंजिनावर बसवली तर तार आखूड राहते, पण थरथर आणि उष्णता दोन्ही पूर्ण अंगावर येतात.

एकच कॉइल आणि वाटप करणारा डिस्ट्रिब्युटर असेल, तर भिंत बरी. कारण एकच जाड तार ओलांडायची असते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिनाच्या थंड बाजूला, धुराच्या नळीपासून दूर, घट्ट भागावर ब्रॅकेट घ्यावा आणि मध्ये रबर द्यावे. पंख्याची हवा छोट्या नळीने कॉइलवर आणून सोडली तर उत्तम. आजच्या मोटारींत प्लगच्या डोक्यावरच बसणारी कॉइल येते. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ती ठीक. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावर मात्र ती भाजून निघते. म्हणून पुष्कळ लोक तिला उचलून बाजूच्या ब्रॅकेटवर नेतात आणि छोटी तार देतात.

भिंतीचा पत्रा पातळ असतो. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर पत्रा डफासारखा वाजतो आणि भोकापाशी तडकतो. मागून जाड पट्टी द्यावी आणि मोठे वायसर घालावे. तेल भरलेली गोल डब्याची कॉइल असेल, तर बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच, बहुधा तोंड वर ठेवून, उभी बसवावी. आडवी-उलटी टाकू नये.

ब्रॅकेट : लहान, पण जीव त्याच्यावर

ब्रॅकेट आखूड असावा आणि त्याला दोन बाजूंनी आधार असावा. लांब पट्टीच्या टोकाला कॉइल लटकवली, तर ती झोक्यासारखी डोलते. झोक्याला योग्य वेळी थोडा धक्का दिला तरी तो उंच जातो. तसेच इंजिनाचे धक्के आणि पट्टीचे डोलणे जुळले की पट्टी काही तासांत तुटते.

ब्रॅकेटचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे चौकटीला कधीच लावू नये. इंजिन हलते, चौकट हलत नाही. मधला ब्रॅकेट मरतो.

सिलिंडरच्या डोक्याच्या किंवा इंजिनाची दोन अर्धुके धरणाऱ्या बोल्टखाली ब्रॅकेट दाबू नये. त्या बोल्टांचे ताण ठरलेले असतात. तिथे पत्रा घुसवला की ते बिघडतात.

पत्रा वाकवताना कोपरा टोकदार करू नये. कडक ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जाडीच्या निदान तिप्पट गोलाई द्यावी. वाकवण्याची रेघ टोच्याने ओरखडून काढू नये. ओरखडा म्हणजे तड्याचे बी. शिसपेन्सिलही नको, तिच्या ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजते. फेल्ट पेनने रेघ मारावी. कापलेली कड कानशीने आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी. हे काम नाजूक बायकी नव्हे की लाडाचे नव्हे, हे जीव राखण्याचे काम आहे.

नट घट्ट राहण्यासाठी आपण नायलॉनचा नट वापरतो. तो सव्वाशे अंशांच्या आसपास धरबंध सोडतो. इंजिनाजवळ पूर्ण धातूचा लॉक नट घ्यावा किंवा बोल्टाला भोक पाडून बारीक तारेने बांधावे. घट्ट केल्यावर नट आणि पत्र्यावरून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे. ही युक्ती ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटांनाही लागू पडते.

दोन कॉइली, एकच ब्रॅकेट

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जण धोका टाळण्यासाठी दोन कॉइली घेतात. दोन प्लग, दोन तारा. आणि मग दोन्ही कॉइली शेजारी-शेजारी एकाच ब्रॅकेटवर बसवतात. दोन्हींना एकाच फ्यूजमधून वीज देतात. दोन्हींची अर्थ एकाच बोल्टला जोडतात. नावाला दोन, प्रत्यक्षात एकच. तो ब्रॅकेट तुटला, तो फ्यूज उडाला, तो बोल्ट सैल झाला की दोन्ही एकदम गेल्या.

विहिरीवर दोन मोटारी ठेवल्या, पण दोन्ही एकाच स्टार्टरवर. स्टार्टर जळला की दोन्ही बंद. तसेच हे. म्हणून ब्रॅकेट वेगळे, फ्यूज वेगळे, चावी वेगळी, अर्थ वेगळी. बॅटरीचीही दुसरी सोय हवी. आणि इंजिन रबरावर बसलेले असल्याने चौकटीला अर्थ आपोआप मिळत नाही. इंजिनापासून चौकटीपर्यंत विणलेल्या तांब्याची वेगळी पट्टी हवीच.

तारेचे टोक डाग देऊन चिकटवण्यापेक्षा दाबून बसवलेले चांगले. डाग दिला की तार तिथे ताठ होते आणि त्याच कडेला तुटते. जोडापासून दोन-तीन बोटांवर तारेला रबरी क्लॅम्पचा आधार द्यावा, म्हणजे थरथर जोडावर येत नाही. आणि प्लगची तार पेट्रोलच्या नळीच्या अंगाला अंग लावून कधीच नेऊ नये.

दाखला आणि तपासणी

आपल्या कारखान्यात हंगामाआधी अग्निप्रदीपन होते. पण त्याआधी बॉयलर निरीक्षक येतो, बॉयलर तपासतो, दाखला देतो. दाखला नाही तर वाफ नाही. चेअरमनलाही मोडता येत नाही, कार्यकारी संचालकालाही नाही. का? कारण बॉयलर फुटला तर शेजारचा कामगार मरतो. आपण सभासद हे मान्य करतो. गव्हाणीत मोळी एक दिवस उशिरा पडली तरी चालेल, पण दाखल्याशिवाय नाही.

विमानाचेही तेच. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदणीशिवाय आणि परवान्याशिवाय कोणतेही विमान उडवता येत नाही. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. परवानगीचा रस्ता लांब आहे, कंटाळवाणा आहे, हेही खरे.

तो रस्ता चालून गेलेला एक मराठी माणूस आपल्यासमोर आहे. कॅप्टन अमोल यादव. पेशाने वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते ठेवले, तेव्हा लोकांनी गर्दी केली. पण टाळ्या मिळाल्या म्हणून विमान उडवता येत नव्हते. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. पुढे चाचण्यांसाठी विमान धुळ्याच्या धावपट्टीवर नेले. या कामाची सुरुवात त्यांनी १९९८ मध्ये केली होती. म्हणजे वीस वर्षांच्या वर काळ गेला. कार्यालयाचा उंबरठा झिजवणे कोणाला आवडते? पण तपासणीने माणूस हयात राहिला, आणि विमानही.

फुलसावंगीच्या पोराला असा उंबरठाच माहीत नव्हता, दाखवणाराही कोणी नव्हता. त्यात दोष त्या एकट्याचा नाही. आपल्या सगळ्यांचा थोडा-थोडा वाटा आहे.

आता काय करावे?

ज्यांच्या घरी असा पोरगा आहे त्यांनी त्याला वेड्यात काढू नये. त्याला जवळच्या आयटीआयत किंवा तंत्रनिकेतनात न्यावे, शिक्षकाशी गाठ घालून द्यावी. एअर इंडियाने बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण केंद्राची योजना जाहीर केली आणि त्यासाठी ३४ विमाने सांगितली : ३१ एका इंजिनाची पायपर आणि ३ दोन इंजिनांची डायमंड. गंमत अशी की, ही इंजिने जेटच्या इंधनावर, डिझेलच्या पद्धतीने चालणारी आहेत. त्यांना प्लग नाही, कॉइल नाही! पण ब्रॅकेट, नट, तारा आणि थरथर तिथेही आहेतच. विमाने आली की ती राखणारे हातही लागतात. त्या हातांत आपल्या कास्तकारांची पोरे का नसावीत?

आणि त्या पोराला एवढेच सांगावे. इंजिन बनव, जमिनीवर बांधून चालव, माणसे दूर ठेव. पंखा फिरतो त्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नको, स्वतःही उभा राहू नको. रात्री चाचणी करू नको. एकटा चाचणी करू नको. पहिला तास चालल्यावर सगळे नट पुन्हा पाहा. दर दहा तासांनी ब्रॅकेटचे कोपरे पुसून, भिंग लावून तडा शोध. जे पाहिले ते तारीख टाकून वहीत लिही. आणि जाणत्या माणसाने पाहून दाखला दिल्याशिवाय जमीन सोडू नको.

उसाच्या बेण्याला आपण डोळा पाहून निवडतो, रोगट कांडी बाजूला काढतो, मगच सरीत टाकतो. एक डोळा कमी उगवला तर फार तर एक बेट जाते. पोरगा गेला तर घर जाते. ब्रॅकेटचा कोपरा तपासायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे देण्याची सवय आपण पोरांना लावू या.